विरघळणारा आधार

काशीस येणारा मनुष्य पाण्यात काही ना काही सोडण्यासाठी येतो. कोणी दिवा सोडतो, कोणी फुले सोडतो, कोणी अस्थी सोडतो; आणि यांपैकी काहीच जवळ नसेल तो निदान एखादी आवडती भाजी जन्मभर न खाण्याचा संकल्प तरी सोडतो. आम्ही दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीत राहतो. आम्ही मात्र घरच्या न्हाणीघरात, पातेल्यातील कोमट पाण्यात, चक्क कापड सोडतो आणि ते दिसेनासे होण्याची वाट पाहतो. केंद्र सरकारचे कागद दिवसभर जपून ठेवण्याबद्दल पगार घेणाऱ्या पदवीधर कारकुनाने संध्याकाळी असला उद्योग करावा, याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. वाटो बापडे!

भरतकामाचे यंत्र घरात आले ते सौभाग्यवतींच्या पोलक्यांसाठी. ते आमचे केव्हा झाले, हे त्यांनाही नीटसे सांगता येणार नाही. ज्या नक्षीचा आम्हांस नाद लागला, तिला कापडाचा आधार नसतो. नुसते धागेच एकमेकांना धरून उभे असतात. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या स्त्रिया सुईने अशी लेस करीत आणि तिला ‘हवेतला टाका’ म्हणत. यंत्राला मात्र हवेत टाका घालता येत नाही. त्याला सुई खुपसायला काहीतरी लागतेच. यावर स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या कारागिरांनी १८८० च्या दशकात मोठी नामी तोड काढली. रेशमी कापडावर सुती धाग्याने भरायचे आणि मग रसायनात रेशीम विरघळवून टाकायचे! बनारसच्या विणकरापुढे ही गोष्ट काढण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही. या कामी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला ‘शिफ्ली’ म्हणतात. आयझॅक ग्रोब्ली याने ते १८६३ साली शोधले. शिफ्ली म्हणजे होडके. त्या यंत्रातील धोट्याचा आकार होडीसारखा असतो, म्हणून हे नाव. घाटावर होड्या पाहत वाढलेल्या आम्हांस हे नाव ऐकताच त्या यंत्राविषयी आपलेपणा वाटला.

आता रेशमाचा बळी द्यावा लागत नाही. १९२४ साली जर्मनीत हर्मन आणि हेनेल या दोघांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचा पदार्थ तयार केला. तो पाण्यात विरघळतो. त्याचेच पांढरे, पातळ, वस्त्रासारखे पान आम्ही वापरतो. दोन पाने एकावर एक ठेवून रिंगमध्ये ढोलकीच्या चामड्यासारखी ताणायची. सुईत आणि बॉबिनमध्ये एकाच रंगाचा धागा घालायचा. यंत्राची गती कमी ठेवायची. प्रथम जाळी भरायची, मग तिच्यावर वेलबुट्टी, आणि शेवटी दाट टाक्यांची कड. यात मेख एकच असते. प्रत्येक टाक्याने शेजारच्या टाक्याला धरले पाहिजे. कडेने जाळीला धरले नसेल, तर कापड असेपर्यंत सारे छान दिसते. पाण्यात गेल्यावर मात्र हाती येतो तो केवळ गुंता. पाऊसकाळी गंगा पायऱ्या गिळीत वर येते, आणि घरातल्या हवेलाही ओल सुटते. तेव्हा ही पाने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागतात, नाही तर ती पाण्यात जाण्याआधीच चिकट होऊन बसतात. धुण्यातही तारतम्य लागते. सगळा अंश धुऊन काढला तर नक्षी लुळी पडते. थोडासा राहू दिला तर वाळल्यावर खळ दिल्यासारखी ताठ उभी राहते.

अशा दोन गोल चकत्या करायच्या, मध्ये खिडकी ठेवायची, त्यांच्यामध्ये छायाचित्र सरकवायचे आणि कडा हाताने शिवून टाकायच्या. छायाचित्राला पाणी सोसत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी. तळहातावर मावणारे, पिसासारखे हलके असे हे लोलक दाराच्या चौकटीला टांगले की वाऱ्यावर फिरत राहते. त्याला उलट-सुलट बाजू नसते. पाठीमागूनही ते तितकेच सुबक दिसते.

येथवर हा केवळ रिकामपणाचा छंद होता. गेल्या वर्षी वडील गेले, आणि या वर्षी आमच्या बदलीचा हुकूम आला. आमच्या पणजोबांनी कोकण सोडून काशी धरली, तेव्हापासून हे घर आहे. काशी सोडायची नाही, असे आईने निक्षून सांगितले. म्हातारपणी लोक काशीस येतात, मी येथून जाऊ कोठे, हा तिचा प्रश्न. आणि त्याला उत्तर नव्हते. ती काकांच्या कुटुंबासोबत राहील असे ठरले. मग प्रश्न उरला तो वडिलांच्या तसबिरीचा. एक तिला हवी, एक आम्हांला.

शोधाशोध केली, तेव्हा ध्यानात आले की वडिलांचे नीट म्हणावे असे एकच छायाचित्र आहे, आणि तेही सरकारने काढायला लावलेले! निवृत्तिवेतनाच्या कागदांना पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र जोडावे लागते. त्यासाठी दोघे स्टुडिओत गेली होती. खांद्याला खांदा लावून, श्वास रोखून, समोर पाहत बसली आहेत. दुसऱ्यांच्या अशा किती तसबिरी आजवर आम्ही टाचणीने फायलीला लावल्या असतील! त्या चेहऱ्यांकडे आम्ही तेव्हा कागदपत्रांच्या यादीतील एक अनुक्रमांक म्हणून पाहत होतो.

काकांनी दोन हरकती घेतल्या. एक, दादाची तसबीर भिंतीवर हाराखाली शोभते. ती खेळण्यासारखी दारात गरगर फिरावी हे बरे नव्हे. दुसरी त्याहून जड होती. गेलेल्या माणसाशेजारी जिवंत माणसाचे चित्र लावू नये. वहिनींना कापून वेगळे करा. पहिल्या हरकतीला आम्ही उत्तर दिले. म्हटले, “काका, आपल्या देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक आहेत. तेही तळहाताएवढेच. ते तुम्ही रोज न्हाऊ घालता, पुसता, हाताळता. भिंतीवरच्या तसबिरीला कोणी कधी हात लावला आहे काय?” काका हसले नाहीत, पण गप्प राहिले. दुसऱ्या हरकतीला आमच्यापाशी उत्तर नव्हते. हातात कात्री होती, आणि खिडकीचे माप एकाच चेहऱ्यापुरते होते.

आई तांदूळ निवडीत होती. ताटावरची नजर न काढता ती म्हणाली, “कापू नकोस. पंचेचाळीस वर्षांत एकदाच शेजारी बसवले आहे आम्हांला कोणी. खिडकी मोठी कर.”

आम्ही खिडकी मोठी केली. तसे करताना जाळी नव्याने बेतावी लागली, कारण पोकळी वाढली की कडेवरचा भार वाढतो. दोन लोलक झाले. आईच्या लोलकाच्या एका बाजूस ती दोघे आहेत आणि दुसऱ्या बाजूस आमची कन्या. वारा आला की आजी-आजोबा जातात, नात येते. पुन्हा नात जाते, ती दोघे येतात. काकांनीच तो दाराला बांधला. बांधताना त्यांनी दोन्ही बाजू बराच वेळ पाहिल्या.

आम्ही स्वतः त्या कापडाविषयी अधूनमधून विचार करतो. नक्षी भरली जात असताना सारा ताण तेच सोसते. प्रत्येक टाका त्याच्यातून आरपार जातो. काम पुरे होताच ते नाहीसे होते, आणि पाहणाऱ्याला ते कधी होते याची गंधवार्ताही राहत नाही. फक्त थोडासा अंश धाग्यांत उरतो, आणि त्याच्यामुळेच नक्षी ताठ राहते. वडील घरात फार बोलत नसत. त्यांच्या असण्याचे आम्हांस कधी विशेष वाटले नाही. आता टाक्याने टाक्याला धरण्याची पाळी आमची आहे. काशीत एक टोक, आणि बदलीच्या गावी दुसरे.