खून कुठं झालाय?

यंदा नियतकालिकाच्या मुखपृष्ठ समितीवर माझी निवड झाली ती माझ्या चित्रकलेमुळे नव्हे. मी काढलेली गाय आणि घोडा यांत फक्त शिंगांचा फरक असतो. "तू कॉमर्सची, तुला जाहिरात शिकवतात, वाचक कसा ओढायचा ते तूच सांग," असे म्हणून सरांनी हे काम माझ्या गळ्यात बांधले. पहिल्या बैठकीत तीन चित्रे आली. तिन्हींत समई, उघडे पुस्तक आणि मागे कॉलेजची इमारत! एकात भर म्हणून उगवता सूर्य होता. सगळे हसले. मलाही हसू आले, पण त्याचबरोबर आजोबांचे वाचनालय आठवले.

शहापुरात आजोबांची दोन खणांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. दिवाळी अंक आले की पहिले पंधरा दिवस ते दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत, मग प्रत्येकाला खाकी कागदाचे कव्हर चढे. दोरीवर एक अंक दुसऱ्याला अर्धा झाकत असे. दिसे तो वरचा भाग. म्हणूनच अंकाचे नाव अगदी वर आणि त्याखाली लगेच चेहरा, हे मला शाळेत जाण्याआधीच कळले होते. वाचता येत नसतानाही कोणता अंक कोण नेणार ते मी सांगत असे. नथ, पैठणी आणि हातात पणती असली की तो घरातल्या बायकांचा. पोट सुटलेला गृहस्थ आणि लाटणे घेतलेली बायको म्हणजे विनोदी. राशींचे चक्र असले की भविष्याचा. निळीकाळी रात्र आणि मागे वळून पाहणारी भेदरलेली तरुणी दिसली, की आत मुडदा नक्की! 'आवाज'ची खिडकी-चित्रे प्रसिद्ध. खिडकीतून भलतेच काही दिसावे आणि पान उलटताच ते अगदी सोज्वळ निघावे. या अंकाला मात्र आजोबा पंधरा दिवस थांबत नसत, आल्या दिवशीच खाकी कव्हर घालत.

मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासून मोजतात. पण मुखपृष्ठावरची ती सुंदर स्त्री डोळ्यांपुढे येते ती दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातून. दलाल मूळचे गोव्याचे. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. मुळगावकरांनी देवादिकांची चित्रे काढली, तशीच बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली. देवी आणि भेदरलेली तरुणी एकाच हातची, पण गिऱ्हाइकाचा घोटाळा कधी होत नसे.

तो घोटाळा मी केला.

सहावीत होते तेव्हाची गोष्ट. लायब्ररीत एक वैचारिक अंक होता. पांढऱ्या मुखपृष्ठावर दोन काळ्या रेघा, बस्स. दोन वर्षांत तो कोणी नेला नव्हता. मला त्याची दया आली म्हणा किंवा माझ्यातला व्यापारी जागा झाला म्हणा, एका फाटक्या रहस्यकथा अंकाचे मुखपृष्ठ काढून मी त्याला खळीने चिकटवले. संध्याकाळीच अंक गेला! एक निवृत्त पोस्टमास्तर घेऊन गेले. मी फुशारून गेले.

चौथ्या दिवशी ते परत आले. "मास्तर, चार दिवस झाले वाचतोय. खून कुठं झालाय तेच गावंना की ओ!"

आजोबांनी अंक नाकाजवळ नेला. खळीचा वास लपत नाही. मला ते रागावले नाहीत. माझ्या ओवाळणीतले पाच रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "जा, त्यांच्या घरी देऊन ये. आत खून आहे असं तू त्यांना चित्रानं सांगितलंस. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला." पोस्टमास्तरांनी पैसे घेतले, आणि त्यानंतर ते लायब्ररीकडे फिरकले नाहीत. तेव्हा वर्गणीदार बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. २०२० च्या टाळेबंदीत लायब्ररी बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. तिचे कारण मी नव्हे, हे मला कळते; पण एक माणूस मी घालवला, हेही कळते.

त्याच सुमारास मी कानडीत नापास झाले. शेजारच्या अज्जींकडे 'चंदमामा'चे जुने बांधीव अंक होते, आमच्याकडे 'चांदोबा'चे. कानडी १९४९ चा, मराठी १९५२ चा, दोन्ही मद्रासहून निघालेले. चित्रे तीच, वर नाव तेवढे वेगळे. राजा, राक्षस, जंगल पाहून गोष्ट कळायची, मग मी अक्षरे लावत बसायची. चित्राने सांगितलेले आत खरोखरच असायचे, म्हणून माझी कानडी सुधारली. तिथे कोणी माझ्यासारखी खळी वापरली असती तर मी अजून आठवीत असते!

म्हणून दुसऱ्या बैठकीत मी म्हणाले, "सर, आधी लेख वाचू, मग चित्र ठरवू." समई वाईट नाही. समई दिसली की कॉलेजचा अंक हे लांबूनही कळते. पण तिच्यामागे वाचक अहवाल आणि बक्षीस समारंभाचे फोटो शोधतो, आणि तेवढेच पाहून अंक मिटतो. आम्ही लेख वाचले, मराठीही आणि कानडीही. निम्म्या लेखांत सकाळची बस चुकत होती! कानडी विभागाच्या संपादिकेने आणि मी एकमेकींकडे पाहिले. तीही रोज खेड्यावरून येते.

तेव्हा चित्र ठरले ते बसथांब्याचे. वरती नाव कोणत्या भाषेत, यावर दोन तास गेले आणि चहाचे तीन फेरे झाले. अखेर एका बाजूला मराठी, उलट बाजूला कानडी, आणि चित्र दोन्हीकडे तेच. समईचा आग्रह मात्र सरांनी सोडला नाही. चित्रकाराने ती ड्रायव्हरपुढच्या गणपतीच्या तसबिरीजवळ इवलीशी काढली आहे. नीट पाहिल्यास दिसेल.