तिसऱ्या गेटच्या पलीकडे

बेळगावात टिळकवाडीत वाढलेल्यांना पहिलं, दुसरं आणि तिसरं रेल्वे गेट म्हणजे पत्ता सांगायच्या खुणा. तिसऱ्या गेटच्या पुढे खानापूर रोडवर उद्यमबाग. बाबांनी तिथे 31 वर्षं लेथ चालवला, आणि मी लहानपणी फार तर डबा द्यायला गेलो असेन. परवा सलग तीन शनिवार गेलो ते एका राउटरमुळे.

राउटर म्हणजे वायफायचा नव्हे. (आईचाही तोच समज झाला; ‘नेट चालतंय की चांगलं,’ म्हणाली.) हे सुतारकामातलं यंत्र. त्याचं बिट मिनिटाला वीस हजाराच्या आसपास फेरे घेतं आणि लाकडात खाच पाडतं, कडेला कंगोरा काढतं. आजीच्या सागवानी देव्हाऱ्याची खालची पट्टी वाळवीनं खाल्ली होती आणि तशा कंगोऱ्याची पट्टी बाजारात मिळेना. अरुंद पट्टीवर हातातलं राउटर डुगडुगतं. म्हणून ते टेबलाखाली उलटं टांगायचं, बिट वर काढायचं आणि पट्टी त्याच्यासमोरून सरकवायची.

शेडमध्ये नव्या टेबलाला जागा नव्हती. पण टेबल सॉ होतं. त्याचा उजव्या बाजूचा पत्र्याचा पंख काढून तिथे राउटरचं टेबल जोडायचं ठरवलं. सॉचा फेन्स दोघांनाही चालतो. 18 मिमीचे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवले आणि सनमायका वर आणि खाली दोन्हीकडे लावला. एकाच बाजूला लावला तर प्लाय पुढे वाकतो. राउटर ज्याला टांगायचं ती प्लेट मात्र 6 मिमी ॲल्युमिनियमची हवी होती.

बाबा यायला तयार नव्हते. त्यांचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा शेवटच्या काही महिन्यांचा पगार बुडाला. तेव्हापासून ते गेट ओलांडून गेलेले नाहीत. त्यांनी फक्त एका जुन्या सोबत्याचा गाळा सांगितला.

उद्यमबागेत शिरलं की आधी वास येतो: ओतकामाची जळकी वाळू, त्यात कुलंट. एका गाळ्यात कास्टिंग ओततात, शेजारी मिलिंग, समोर चहाची टपरी. एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही. बाबांच्या सोबत्याला मी मामा म्हणालो आणि ऐटीत ड्रॉइंग पुढे केलं. मापं दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत.

मामा हसले. “एवढे पॉइंट कशाला? राउटरचा तळ आणलास काय?”

पिशवीत होता. त्यांनी तो काळा तळ ड्रॉइंगवर ठेवला. तीनपैकी दोन भोकं जुळेनात. राउटर उलटं टांगायचं म्हणून मी डोक्यात सगळं एकदा उलटवलं होतं आणि कागदावर आणखी एकदा. प्लेट तशीच कापली असती तर भंगारात गेली असती. मामांनी तळच प्लेटवर दाबून धरला आणि भोकं मारली.

दुसऱ्या शनिवारी सॉला जोडणारे अँगल आणले. त्यांची भोकं मुद्दाम लांबट ठेवली, म्हणजे बोल्ट सैल करून टेबल वरखाली करता येतं. बाहेरच्या टोकाला एक पाय दिला, नाहीतर राउटरच्या वजनानं ते खाली येणारच. सॉ आणि राउटरचे स्विच वेगळे. राउटर चालवायच्या आधी सॉचं पातं टेबलाखाली, हा नियम आईनं खडूनं भिंतीवर लिहिला.

जोड मी स्टीलच्या पट्टीनं तपासला, बरोबर वाटला. बाबांनी त्यावर तळहात फिरवला. “मागं खाली आहे.” फीलर गेज लावलं तर 0.2 मिमी. राउटर त्यांनी कधी चालवलेलं नाही, तरी पट्टी सरकवायच्या आधी मला थांबवलं: “हत्यार कुठं फिरतंय बघ, त्याच्या विरुद्ध घाल.” मी फिरण्याच्या दिशेनंच घालणार होतो. तशी पट्टी हातातून खेचली जाते.

कंगोरा उतरला, पण पट्टीचं शेवटचं टोक दर वेळी बुडत होतं. प्लेटचं भोक मोठ्या बिटसाठी, आमचं बिट लहान. मधल्या फटीत टोक खाली जाई. मी ऑनलाइन रिंग शोधायला लागलो.

बाबांनी व्हर्नियर घेऊन भोक मोजलं, आकडा हातावर लिहिला आणि चप्पल घातली. “मामाचा लेथ शनिवारी मोकळा असतो काय रे?”

रिंग त्यांनीच वळली. मी बाहेर टपरीवर दोन चहा संपवले. घरी आल्यावर ती प्लेटमध्ये अंगठ्यानं दाबून बसली, ठोकावी लागली नाही.