वाईच्या वाड्यांतील कोशिंबीर

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना सुरूरच्या फाट्यावर गाडी वळली, कीं थोड्याच वेळांत वाईचे घाट दृष्टीस पडतात. पावसाळ्यांतील कृष्णामाई आणि चैत्रांतील कृष्णामाई या जणू दोन निराळ्या नद्या होत. चैत्रांत पात्र आटलेलें असतें, पायऱ्या दुपारीं तापून निघतात, आणि पुराचें पाणी दुभंगावें म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत कोरड्या वाऱ्यांत नुसती उभी असते. अशा दिवसांत वाईस कशाला जावें, असें पुष्कळांना वाटेल. आम्ही जात असूं तें काकूंच्या हातचें जेवण जेवावयास!

माझ्या चुलतसासूबाईंना घरांत सारेच काकू म्हणतात. त्यांचा वाडा नदीपासून हांकेच्या अंतरावर आहे. स्वयंपाकघरांत चूल जाऊन गॅस आला त्याला किती तरी वर्षें झालीं; पण शेगडी राहिली जमिनीवरच, आणि काकू पाटावर. दोन वर्षांपूर्वीं गुडघ्यांनीं दगा दिला. डॉक्टरांनीं खालीं बसण्याची मनाई केली आणि घरीं डबा सुरू झाला.

डब्यांतील पोळीभाजी वाईट होती असें नाहीं. पण कोशिंबीर ही डब्यांत बसणारी वस्तूच नव्हे. सकाळीं मीठ लावलेली काकडी दुपारीं उघडावी तों अर्धी वाटी पाणी! मीठ फळांतला रस बाहेर ओढून घेतें. त्यांत काकडी किसलेली असली तर विचारूंच नका. काकूंची रीत निराळी. काकडी हातांत धरून ती सुरीनें चोचवावयाची, मग विळीवर बारीक उतरवावयाची. दाण्याचें कूट आधीं घालावयाचें, म्हणजे सुटेल तो रस तें पिऊन टाकतें. वर तुपाची, जिऱ्याची नि हिंगाची फोडणी, तींतच हिरवी मिरची. मीठ, चिमूट साखर आणि लिंबू हीं मात्र पानावर भात पडल्यावर. साखरेच्या या चिमटीवरून माझें आणि त्यांचें कधींच पटलें नाहीं. मला ती मोठी वाटते.

डबा आल्यापासून काकूंचें जेवण कमी झालें. उन्हाळ्यांत तर त्या ताकभातावर भागवूं लागल्या. मुलांनीं उपाय काढला तो असा, कीं सारें स्वयंपाकघर उकलून ग्रॅनाइटचा उंच ओटा घालावा, भिंतभर कपाटें करावीं. काकूंनीं शांतपणें विचारलें, "ओटा होईल रे, पण त्याच्यापुढें मला उभी कोण धरणार?" यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. खालीं बसवत नाहीं, फार वेळ उभें राहवत नाहीं, अशा बाईला स्वयंपाकघरांत जागा कोठें?

मला तेव्हां माझ्या कोंकणांतल्या माहेरची आडोळी आठवली. तिच्या पाटावर बसून पुढच्या पात्यावर नारळ खवतात. तोच पाट गुडघ्याएवढा उंच केला तर? माळ्यावर एक जुना सागवानी बाक पडून होता. सुतारानें त्याच्या एका टोकाला विळी स्क्रूंनीं घट्ट बसविली, आणि ती धुण्याकरितां काढतांही येईल अशी सोय ठेवली. शेगडी बाकाशेजारीं बेताच्या उंचीच्या कट्ट्यावर आली. पाण्याचा माठ जमिनीवरून उचलून तिवईवर चढविला. मीठ, जिरें नि हिंगाची डबी बसल्या जागीं हाताशीं येतील अशी एक फळी ठोकली. विटांनीं बुजविलेला जुना झरोका मोकळा केला, तेव्हां दुपारीं तेथें दिवा लावावा लागेना. सुताराला आणि गवंड्याला मिळून चार दिवसांचें काम.

पांचव्या दिवशीं काकू बाकावर बसल्या. शेजारीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें, आणि आंब्याच्या डाळीसाठीं भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ फुगून आली होती. कैरी मीं किसली. काकडी मात्र त्यांनीं मागून घेतली. हात कांपत होता. चोचवण्याचे घाव पूर्वींसारखे जवळजवळ पडत नव्हते. मी पुढें होऊं पाहत होतें, तों त्यांनीं मान हलवून मला मागें सारलें. अर्धी काकडी उतरल्यावर त्यांनीं ती बोटांत घेऊन झरोक्याच्या उजेडांत धरली.

"जाड झाली," त्या म्हणाल्या. "दुसरी दे."

दुसरी बरी उतरली. मला इतकें बरें वाटलें कीं त्या आनंदांत मीं फोडणी दिली, मीठ टाकलें, लिंबू पिळलें आणि ढवळलेंसुद्धां!

काकूंनीं वाटीकडे पाहिलें, मग दाराकडे. बाहेर पुरुषमाणसें अजून आंघोळीला जायचीं होतीं.

"मीठ घातलेंस? अगं, मग आतां पान कुणाचें वाढलें आहे?"

आम्हीं दोघींनींच तेथें बाकावर बसून ती वाटी संपविली.