चौघांत एक कार्ट्रिज

गेम्सवर लिही, असं ऑफिसातली पोरं बऱ्याच दिवसांपासून म्हणतायत. म्हटलं, लिहायचंच तर जुन्या गेमवर लिहू. २००१ सालचा 'मारिओ कार्ट : सुपर सर्किट'. निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर आलेला, छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम.

आधीचे दोन मारिओ कार्ट निन्टेन्डोच्या स्वतःच्या टीमने टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी केले होते. हा मात्र इंटेलिजंट सिस्टिम्सकडे गेला. हाताशी काय? २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा, मागे दिवा नाही, दोन पेन्सिल सेल. मग १९९२ च्या पहिल्या मारिओ कार्टचीच युक्ती वापरली. रस्त्याचं एक सपाट चित्र घ्यायचं, सतरंजीसारखं. पडद्याच्या दर ओळीला ते वेगळ्या प्रमाणात दाखवायचं. वर बारीक, खाली मोठं. झाला लांबवर जाणारा रस्ता! वळलं की अख्खी सतरंजीच फिरते. नवे २० ट्रॅक दिले, शिवाय १९९२ चे २० जुनेही आत ठेवले. समीक्षकांना आवडला, ५९ लाखांच्या आसपास खपला. यंत्राचा पडदा अंधारा, ही ओरड मात्र जगभर झाली.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. चार यंत्रं केबलने जोडली की एकाच कार्ट्रिजवर चौघं खेळायचे. बाकीच्यांच्या यंत्रात गेमचा छोटा अवतार केबलमधून जायचा. त्याला जागा फक्त २५६ केबी. त्यात सगळे गडी मावणार कसे? म्हणून सगळ्यांना योशीच, नुसते रंग वेगळे. ट्रॅकही मोजकेच. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं. ही सोय यंत्रातच होती, पण त्यासाठी वेगळा छोटा गेम बांधावा लागतो, आणि ते कष्ट त्यांनी घेतले. २००५ च्या मारिओ कार्ट डीएसने हेच बिनतारी केलं, एका कार्डावर आठ जण.

आम्ही म्हसवडला ही यंत्रं पाहिलीही नव्हती. आमचा ब्रिक गेम, सिद्धनाथाच्या यात्रेत घेतलेला. ठोकळ्यांची गाडी, समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या. गल्लीत एकाकडे असायचा आणि खेळायची सगळी गल्ली. आउट झालं की पुढच्याकडे. माणदेशात टँकरपुढे घागरी घेऊन उभी राहिलेली पोरं आम्ही, नंबर लावणं काही नवीन नव्हतं.

आता गावीही बहुतेकांच्या हातात फोन. २०१९ ला 'मारिओ कार्ट टूर' फोनवर आला, फुकट. पण नेटशिवाय चालत नाही. सुरुवातीला गडी आणि गाड्या लॉटरीसारख्या निघायच्या (ते २०२२ ला बंद केलं). आणि दोस्तांबरोबर खेळायची सोय यायला मार्च २०२० उजाडला. म्हणजे शेजारी बसलेला मित्र सगळ्यात शेवटी!

मी पोटासाठी कोड लिहितो. एका युजरकडून किती पैसे निघतील, यावर आमच्या मीटिंगांत तासन्‌तास जातात. ज्याच्याकडे नाही त्याला कसं आत घ्यायचं, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न काही भाबडा नव्हे, २५६ केबीत बसवायचा अस्सल इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

असो. सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारून बघणार आहे. काय होतं ते पुढच्या शनिवारी.