सांध्याची आतली बाजू : घरगुती बिअरचे पोलादी पात्र

बिअर तयार होण्याच्या क्रियेचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात भिजत ठेवतात, त्यातील पिष्टाची साखर झाली की तो गोड अर्क गाळून घेतात आणि हॉप्स या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळतात. या अर्काला वॉर्ट म्हणतात. दुसऱ्या भागात तो वॉर्ट थंड करून त्यात यीस्ट मिसळतात आणि आठवडा-दोन आठवडे बंद पात्रात आंबू देतात. हे पात्र म्हणजे किण्वनपात्र, रूढ शब्दांत फर्मेंटर. उकळण्याचे भांडे थोडे अस्वच्छ असले तरी उकळीत सारे निभावून जाते; पण वॉर्ट थंड झाल्यापासून पुढे त्याला कोणतेही संरक्षण उरत नाही, आणि कोमट, गोड, पोषक अशा त्या द्रवावर यीस्टइतकाच हक्क हवेतील व भांड्याच्या फटीतील जिवाणूही सांगतात. म्हणून घरी बिअर करणाऱ्यांच्या साऱ्या सामग्रीत किण्वनपात्राच्या घडणीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो विचार शेवटी भांड्याच्या आतल्या पृष्ठभागापाशी, त्यातही सांध्यांपाशी येऊन थांबतो.

हे पात्र स्वतः घडवण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेत फोफावला. घरगुती वापरासाठी बिअर करण्यावरील केंद्रीय कर माफ करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा त्यात असून विक्रीला परवानगी नाही. तरीही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांना घरी बिअर करणे कायदेशीर करायला २०१३ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्यात घरगुती बिअरही येते; त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकेतील गॅरेजना लागू आहे, पुण्या-मुंबईच्या गच्च्यांना नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र ते प्रत्यक्ष उपयोगी पडू शकते.

नवशिका बहुधा प्लास्टिकच्या बादलीने किंवा काचेच्या मोठ्या बरणीने सुरुवात करतो. बादली स्वस्त असते, पण घासताना तिच्यावर बारीक ओरखडे उठतात, त्यांत जंतू दडतात आणि प्लास्टिकमधून प्राणवायूही हळूहळू झिरपतो. काच स्वच्छ राहते, परंतु ती प्रकाश अडवत नाही, आणि प्रकाशाने हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन बिअरला उग्र दर्प येतो. शिवाय वीस लिटर द्रव भरलेली ओली बरणी हातातून निसटली तर होणारी इजा गंभीर असते. स्टेनलेस स्टीलमध्ये यांतील एकही दोष नाही. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखण्यासाठी मिश्रधातू शोधताना क्रोमियमयुक्त पोलाद ओतले, तेव्हापासून या धातूचे मर्म ठाऊक आहे : पोलादात क्रोमियम पुरेसे असले की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो, आणि तो ओरखडला तरी पुन्हा भरून येतो. भांड्यांसाठी वापरली जाणारी ३०४ ही प्रत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल यांची असते.

येथे भारतीय बाजाराविषयी एक गोष्ट सांगणे अस्थानी ठरणार नाही. भांड्याच्या दुकानात लोहचुंबक लावून स्टीलची पारख करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण निकेलचे प्रमाण घटवून त्याऐवजी मँगनीज घातलेली २०० मालिकेतील स्वस्त पोलादेही चुंबकाला चिकटत नाहीत, तर दुसरीकडे अस्सल ३०४ चा पत्रा ठोकून किंवा दाबून घडवला की वळणांपाशी किंचित चुंबकीय होतो. चुंबकाचा कौल म्हणूनच दोन्ही बाजूंनी फसवा ठरतो. पत्र्यावरील प्रतीचा शिक्का आणि विक्रेत्याचे प्रमाणपत्र यांवाचून दुसरा आधार घेऊ नये.

प्रतीनंतर प्रश्न येतो आकाराचा. किण्वन ओसरू लागले की यीस्ट आणि हॉप्सचा चोथा तळाशी बसतो, आणि बिअर या साक्यावर फार काळ राहिली तर मरणाऱ्या यीस्टची चव तिच्यात उतरते. तळ शंकूसारखा निमुळता केला तर साका टोकाशी गोळा होऊन खालच्या तोटीने काढून टाकता येतो. वर नळकांडे आणि खाली शंकू अशी ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभी लिओपोल्ड नेथन यांनी कारखान्यांसाठी पुढे आणली. शंकूच्या टोकाचा कोन साधारणपणे ६० अंश ठेवतात, कारण त्याहून पसरट उतारावर यीस्ट घसरण्याऐवजी चिकटून बसते. या कोनात भूमितीची एक सोय दडलेली आहे, जी पत्राकाम करणाऱ्याला फार आवडते : ६० अंशांचा शंकू उलगडला तर बरोबर अर्धवर्तुळ मिळते. म्हणजे ३६ सेंटिमीटर व्यासाच्या पात्रासाठी ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धे वर्तुळ कापावे आणि त्याच्या दोन सरळ कडा एकमेकींना भिडवाव्यात, की सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीचा, साडेदहा लिटरांचा शंकू तयार होतो; त्यावर १९ सेंटिमीटर उंचीचे नळकांडे चढवले की एकूण क्षमता ३० लिटर भरते. त्यात वीस-बावीस लिटर वॉर्ट भरून उरलेली जागा फेसासाठी मोकळी ठेवावी लागते, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत फेस बराच वर चढू शकतो.

मात्र त्या दोन कडा जिथे भिडतात तो सांधा शंकूच्या वरपासून टोकापर्यंत, नेमका यीस्ट घसरण्याच्या वाटेवर पडतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते. हे जोडकाम टंगस्टनच्या सुईतून ठिणगी पाडून, आर्गन या निष्क्रिय वायूच्या आच्छादनाखाली करतात. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये त्याला सरळ ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. कारागिराच्या हातातील टॉर्चमधून येणारा आर्गन फक्त बाहेरची बाजू झाकतो. आतली बाजू तितकीच तापलेली असते, परंतु तिथे साधी हवा असते, आणि वितळलेल्या धातूला हवेतील प्राणवायू भिडला की तिथे काळी, खडबडीत, खडीसाखरेसारखी कणीदार खपली धरते. कारागीर या दोषाला ‘साखर धरणे’ अशा अर्थाचेच इंग्रजी नाव देतात. बाहेरून नाण्यांच्या चळतीसारखा सुबक दिसणारा सांधा आतून असा असेल तर ते पात्र निरुपयोगी समजावे, कारण त्या कणांच्या मधल्या भेगांत वॉर्ट मुरतो, तिथे ब्रश पोहोचत नाही आणि जंतुनाशकही पुरेसे शिरत नाही.

उपाय अवघड नाही, पण तो चुकवण्याचा मोह मोठा असतो. शंकूची टोके अॅल्युमिनियमच्या फॉइलने व चिकटपट्टीने बंद करून खालून आतही आर्गन सोडावा आणि वर एक लहान भोक ठेवावे. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने तो तळापासून भरत जातो आणि हवा वरून निघून जाते. सांध्यालगत पिवळसर किंवा निळी झाक उठली तर तीही घालवावी, कारण ती झाक म्हणजे उष्णतेने वाढलेला ऑक्साइडचा थर असतो आणि त्याच्याखालच्या धातूतील क्रोमियम कमी झालेले असते. पत्रा ३०४ एल या प्रतीचा, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून अधिक कार्बन नसलेला घेण्याचे कारणही हेच, की जास्त कार्बन उष्णतेत क्रोमियमला बांधून घेतो आणि सांध्याच्या कडेने गंज शिरायला वाट मिळते. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश, किंवा आधी साध्या लोखंडावर चालवलेले ग्राइंडरचे चाक कदापि वापरू नये. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि आठवड्याभरात तांबूस ठिपके उमटतात.

ज्यांना जोडकाम टाळायचे असते ते बिअरचे पिंप, म्हणजे केग, वापरतात. अमेरिकेतील अर्ध्या बॅरलच्या केगची क्षमता १५.५ गॅलन, सुमारे ५८.७ लिटर असते, आणि मधली नळी काढली की त्याच्या गळ्यावर दोन इंची ट्राय-क्लॅम्प बसतो. ट्राय-क्लॅम्प म्हणजे दोन सपाट ओठांच्या मध्ये रबरी वायसर ठेवून कडीने आवळायचा जोड. तो क्षणात सुटा होतो आणि त्यात फट राहत नाही. केग उलटा उभा केला की गळा तळाशी येऊन तोच साका काढण्याचे तोंड होतो. भोक पाडून, नट आवळून, सिलिकॉनचे कडे लावून बसवलेल्या तोटीपेक्षा हा जोड कितीतरी बरा, कारण आट्यांच्या मागे नेहमीच घाण साठते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. अनामत रक्कम भरून आणलेला केग ग्राहकाचा होत नाही, तो ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो. तेव्हा केग रीतसर विकत घ्यावा. आणि आतला दाब पूर्ण सोडल्याशिवाय नळी काढू नये, नाहीतर ती गोळीसारखी उडते.

दाबाचा विषय निघाला आहे तर त्याचा हिशेबही पाहावा. वीस लिटर वॉर्टचे विशिष्ट गुरुत्व १.०५० वरून १.०१० वर उतरेपर्यंत सुमारे ०.८ किलो, म्हणजे चारशे लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाणी भरलेल्या वाकड्या नळीतून, म्हणजे एअरलॉकमधून, तो निघून जातो. परंतु हॉप्सच्या चोथ्याने नळी तुंबली आणि आत अवघा एक बार दाब साठला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट झाकणावर सातशे किलोंहून अधिक भार येतो. घरी घडवलेल्या पात्राला दाबपात्र समजू नये आणि त्यात मुद्दाम दाब धरू नये, हे या आकड्यावरूनच स्पष्ट व्हावे. उष्णतेचेही तसेच आहे : एवढ्या वॉर्टच्या किण्वनात निर्माण होणारी उष्णता बाहेर गेलीच नाही तर तापमान दहा-बारा अंशांनी चढेल, आणि एल प्रकारच्या यीस्टला तर १८ ते २२ अंश सेल्सिअसच मानवतात. यासाठी एका टोकाला बंद असलेली बारीक पोलादी नळी झाकणातून आत सोडून तिच्यात तापमापक ठेवतात.

घडण पूर्ण झाली की पात्र सोडाक्षाराच्या गरम पाण्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुवावे, मग सायट्रिक आम्लाचे ४ ते १० टक्क्यांचे, ५०-६० अंशांवरील द्रावण निदान दहा मिनिटे त्यात खेळवावे. आम्ल पृष्ठभागावरील सुटे लोह विरघळवते आणि क्रोमियमच्या थराला अखंड होण्याची संधी देते. या संस्काराला पॅसिव्हेशन म्हणतात. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र या पात्राजवळ आणू नये, कारण त्यातून येणारे क्लोराइड हा थर भेदून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते. मग पात्र काठोकाठ पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर उभे ठेवावे. सकाळी कागद कोरडा असला तरी एवढ्यावर काम संपत नाही : पाणी ओतून, हात आत घालून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावे, आणि जिथे नख अडकेल तिथे खूण करून तो सांधा पुन्हा घासायला काढावा.