चार हात माती

चिखलाविषयी माझ्या मनात लहानपणापासून अढी आहे. त्यामुळे पुण्यातील आमच्या लहानशा घरापुढचे अंगण २०१८ साली मी शहाबादी फरशीने बांधून काढले, तेव्हा मला मोठी कृतकृत्यता वाटली. पारिजातकाच्या बुंध्याभोवती तेवढी वीतभर माती उरली. "आता पावसाने जायचं कुठे?" असा प्रश्न घरातून आला. मी हसून गटाराकडे बोट दाखविले. प्राध्यापकाला कोणत्याही प्रश्नाचे उत्तर येतेच!

पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात अनेकांचे प्राण गेले. आमचे घर ओढ्यापासून दूर. पण आमच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरले. सकाळी मी ते उपसावयास गेलो. "सर, पूर्वी तुमचं अंगण थोडं पाणी पिऊन घ्यायचं," ते सहज म्हणाले. त्या सहजपणात दोषारोप नव्हता, म्हणूनच तो अधिक झोंबला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझे अंगण ७० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला, की झाले ३,५०० लिटर! मातीने त्यातले काही पोटात घेतले असते, उरलेले अडवून हळूहळू सोडले असते. फरशीने ते तत्काळ शेजाऱ्यांच्या दारात नेऊन घातले.

मी नियम मोडला नव्हता. घराभोवती सोडावयाची जागा इंचभरही कमी केली नव्हती. अमेरिकेतील अनेक गावांत छपराबरोबर फरसबंदीही मोजतात व तिला मर्यादा घालतात, हे मी वाचले होते. 'स्वतःच्या अंगणातही सरकारची लुडबुड!' म्हणून त्याची थट्टाही केली होती. माझी मालकी कुंपणापाशी संपते, पाणी मात्र तेथे थांबत नाही, एवढी साधी गोष्ट त्या थट्टेत मी विसरलो होतो.

दिवाळीनंतर गवंड्याला पुन्हा बोलाविले. "चांगली बसलेली फरशी काढायची?" त्याने दोनदा विचारले. निम्मी उखडली.

आता पावसाळ्यात पायांना चिखल लागतो. उंबरठ्याशी जुनी अढी डोके वर काढते. मग खालच्या घरातला दिवा दिसतो, आणि मी मुकाट्याने पाय धुऊन आत येतो.