पाहायला सर्वांना, लिहायला एकालाच



आपल्या जमिनीचा सात-बारा आता कोणालाही पाहता येतो. संगणकावर गट नंबर घातला की उतारा समोर येतो. पण त्यावर नोंद करणे ज्याच्या त्याच्या हाती नाही. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, फेरफार धरतात आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. पाहण्याची मुभा सर्वांना, लिहिण्याचा अधिकार नेमलेल्या माणसाला. हाच नियम हवामान केंद्राच्या संगणकालाही लागू आहे आणि तो मोडला तर बागेला कशी झळ लागते, हे मी २०२४ च्या ऑक्टोबरात दिंडोरी तालुक्यातील एका गावी पाहिले.

त्या गावच्या काही द्राक्ष बागाईतदारांनी वर्गणी काढून स्वतःचे हवामान केंद्र बसवले आहे. महसूल मंडळाला सरकारी केंद्र असते खरे, पण पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. केंद्राचे आकडे रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकात येतात. त्यातील वीवेक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी आपल्या वहीत नोंद करतो आणि तापमान, आर्द्रता, पाऊस यांचे एक पान लिहून ठेवतो. ते पान मागेल त्याच्या मोबाइलवर पोचवतो तो वेब सर्व्हर. एक लिहिणारा, दुसरा दाखवणारा.

फळछाटणी होऊन बागांना कोवळी फूट आली होती. अशा वेळी पाऊस होऊन पाने ओली राहिली की केवड्याचे भय. तो घडावर गेला तर वर्षाची कमाई जाते. म्हणून मंडळी पानावरचा पावसाचा आकडा पाहूनच फवारणीचे ठरवत. आकडा शून्य होता, त्यामुळे जो तो निश्चिंत.

शंका आली ती एका वयस्क आक्कांना. त्या म्हणाल्या, "साहेब, पहाटे गोधडीतून हात निघत नव्हता तवा बी बावीस, आन् आता डोकं तापलं तरी बावीसच. यंत्राला जाग हाय का?"

पानाच्या तळाशी पाहिले, तर तारीख सहा दिवसांपूर्वीची! मधल्या दोन रात्री पाऊस होऊन गेला होता, आणि एका बागेत पानांवर तेलकट डाग दिसू लागले होते.

नवे यंत्र आणण्याची भाषा सुरू झाली. पण यंत्र ठणठणीत होते. संगणक आपल्या कामाचा रोजनामा ठेवतो, तो वाचला. त्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: परवानगी नाकारली. झाले होते असे. जुने मेमरी कार्ड बिघडले म्हणून गावच्या एका हुशार मुलाने नव्या कार्डावर नवी आवृत्ती बसवली आणि पानांची जुनी पेटी 'रूट'च्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य मालकाच्या नावाने परत ठेवली. २०२४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून वीवेक्स नव्याने बसवला, की तो मुख्य मालकाच्या नव्हे, स्वतःच्या वेगळ्या नावाने काम करतो. त्याच्या वहीत पावसाची नोंद बरोबर होत होती. पानाच्या पेटीवर मात्र त्याचा हक्क नव्हता. आणि दाखवणारा बिचारा, पेटीत होते तेच जुने पान दाखवत राहिला.

तो मुलगा म्हणाला, "साहेब, तीन सत्ते देऊन टाकू. सगळ्यांना सगळं खुलं."

मी त्याला थांबवले. या संगणकात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि आत जाण्याच्या किंवा चालवण्याच्या हक्काचा १, असे गुण असतात. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी सर्वांचा. ७७७ देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे. वेब सर्व्हरचे तोंड साऱ्या जगाकडे असते. त्यातून कोणी आत शिरला, तर पानावर वाटेल तो आकडा लिहील. शिळ्या आकड्यावर निदान जुनी तारीख असते. खोट्या आकड्यावर आजचीच तारीख असेल. तो आक्कांना तरी कसा ओळखता यावा?

मग आम्ही पेटीची मालकी वीवेक्सच्या नावे केली. पेटीला ७५५ आणि आतील पानांना ६४४ दिले. म्हणजे लिहील तो मालक, बाकीचे फक्त पाहतील. पाच-दहा मिनिटांत नवे पान आले, मागचा पाऊसही त्यात दिसला. खर्च शून्य.

दुसरी अडचण येते ती वाटेची. पान मुळीच न उघडता ४०३ हा आकडा दिसला, तर बहुधा वाट अडलेली असते. आपले शेत आपल्या नावावर असले तरी बांधावरून जायला वाट लागते ना? तसेच पेटी ज्या पेटीत आहे, आणि ती ज्या पेटीत आहे, त्या प्रत्येकीतून जाण्याचा हक्क दाखवणाऱ्याला हवा. मधली एक पेटी बंद असली तरी पान दिसत नाही. तेवढी वाट मोकळी करावी, सारे कुंपण पाडू नये.

ज्या गावांनी असे केंद्र बसवले आहे त्यांनी रोजनामा, मालकी आणि वाट, याच क्रमाने तपासावे. घरातल्या सर्वांनी आकड्याआधी पानावरची तारीख आणि वेळ पाहावी. अंगणात एक साधे पर्जन्यमापकही ठेवावे व सकाळी साडेआठला त्यातील पाऊस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपावा. दोन्ही आकड्यांत फार तफावत दिसली, तर फवारणीचे ठरवण्याआधी बागेत जाऊन चार पाने उलटून पाहावीत.